अण्णांची हळस

नांदेडला पाहुणा आला की त्याला आधी सचखंड गुरुद्वाऱ्यात न्यायचे आणि मग बाकीचे गाव दाखवायचे, असा आमच्या घरचा रिवाज आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून माझा नातू आला, तेव्हा त्यालाही नेले. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली याच गोदाकाठी देह ठेवला, हे त्याला सांगितले. संगमरवरी चौकातून फिरवले आणि लंगरमध्ये पंगतीला बसवले. पानात पोळी पडली, वाटीत डाळ आली. दोन घास खाऊन होतात न होतात तोच चिरंजीवांनी विचारले, "आजी, हिंदीत बोटीच्या नांगराला लंगर म्हणतात ना? मग इथल्या जेवणाला लंगर का म्हणतात?"

मी उत्तर जुळवते आहे, एवढ्यात दुसरा प्रश्न आला. "आणि अण्णाआजोबांच्या शेतात आहे तोही नांगरच! बोट काय शेत नांगरते?"

शेजारी बसलेले एक सरदारजी खळखळून हसले. मला मात्र घास गिळवेना. पस्तीस वर्षे शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवले, व्युत्पत्तीच्या नावाखाली मुलांना छळले, आणि एवढी साधी गोष्ट कधी मनात आली नव्हती! सगळे मास्तर अशा वेळी जे म्हणतात तेच मी म्हटले, "जेवताना बोलू नये. उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसले. नातवाला द्यायचे उत्तर तिथे मिळालेच. पण त्याबरोबर मलाही एक गोष्ट मिळाली. ती पन्नास वर्षांपूर्वीच मिळायला हवी होती. ती सांगण्यासाठीच हा लेख; पण आधी नातवाचे उत्तर.

बोटीचा नांगर आणि शेतातला नांगर हे दोन निरनिराळे शब्द आहेत. नावे सारखी झाली म्हणून त्यांना एकाच आईची लेकरे समजायचे कारण नाही. बोटीचा नांगर फार्सीतून आला. फार्सीत 'लंगर' म्हणजे जहाज जागच्या जागी धरून ठेवणारा लोखंडी आकडा. आणि फकिरांच्या मठात येईल त्याला जेऊ घालणारे अन्नछत्र तेही लंगरच. गुरुद्वाऱ्यातला लंगर हा त्या दुसऱ्या अर्थाचा. म्हणजे आम्ही पंगतीला बसलो होतो त्या लंगराचे आणि मुंबईच्या बंदरातल्या नांगराचे नाते आहे. अण्णांच्या शेतातल्या नांगराचा घाट पार वेगळा. तो आला संस्कृतातल्या 'लाङ्गल' या शब्दावरून. बलरामाला 'लांगली' म्हणतात ते त्याच्या खांद्यावरच्या नांगरामुळेच.

आता लंगर आणि लाङ्गल या दोघांचाही मराठीत नांगर कसा झाला? आपल्या जिभेची ती जुनी खोड आहे. शब्दाच्या आरंभी 'ल' असला आणि पाठोपाठ नाकात बोलायचे अक्षर आले, की त्या 'ल'चा 'न' होऊन बसतो. पालीत लाङ्गलाचे 'नङ्गल' झाले, प्राकृतात 'णंगल' झाले, आणि आपण शेवटच्या 'ल'चाही 'र' करून नांगर म्हणू लागलो. असाच 'ल' आणखी एका शब्दाने गमावला आहे. कपाळाला संस्कृतात ललाट म्हणतात. प्राकृतात त्याचे 'णिडाल' झाले आणि मराठीत 'निढळ'. निढळाच्या घामाची भाकर आपण म्हणतो, ते निढळ म्हणजे ललाटच! नांगर आणि नांगऱ्याच्या कपाळावरचा घाम, दोघांच्याही पोटात तोच हरवलेला 'ल' असावा, याची मला मोठी मौज वाटली. आमच्या लातूरने मात्र आपला 'ल' सोडला नाही. राष्ट्रकूट राजे ज्या लट्टलूरचे स्वामी म्हणून मिरवत, तेच हे लातूर.

इथवर सारे संस्कृताच्या मास्तरणीला शोभेसे झाले. पुढे वाचू लागले तेव्हा कळले की लाङ्गल हा शब्दही मुळात संस्कृताचा नसावा.

ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात क्षेत्रपतीचे एक सूक्त आहे, सत्तावन्नावे. त्यात लाङ्गल आहे, नांगराच्या तासाला म्हटलेली सीता आहे, आणि आजही आपण फाळ म्हणतो तो फालही आहे. म्हणजे शब्द तीन हजार वर्षांहून जुना. पण संस्कृताच्या युरोपातल्या भावंडांकडे, ग्रीक-लॅटिनकडे पाहावे, तर तिथे नांगराला या नावाचा मागमूस नाही. तो सापडतो अगदी उलट्या दिशेला. संथाळ लोक नांगराला 'नाहेल' म्हणतात. कंबोडियाच्या ख्मेर भाषेत तो 'अंकल' आहे, मलाया द्वीपकल्पात 'तेंगाला' आहे. प्शिलुस्की या फ्रेंच पंडिताने या साऱ्यांची मोट बांधून असे मांडले, की संथाळ-मुंडा आणि ख्मेर ज्या कुळातल्या आहेत, त्या कुळाच्या एखाद्या प्राचीन भाषेतून हा शब्द आर्यांनी उचलला. त्याचा तो निबंध प्रबोधचंद्र बागची यांनी इंग्रजीत आणला आणि कलकत्ता विद्यापीठाने १९२९ साली छापला. पुढे कायपर या डच पंडिताने त्याच मताला दुजोरा दिला.

यात नवल वाटण्याजोगे काय आहे? राजस्थानात कालीबंगा येथे १९६० नंतरच्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा मातीखाली एक नांगरलेले शेत जसेच्या तसे निघाले. उभी तासे, आडवी तासे, सगळे स्पष्ट. ते पावणेपाच हजार वर्षांपूर्वीचे. म्हणजे वेदांतली सूक्ते रचली गेली त्याच्या कितीतरी आधी या देशात कोणीतरी नांगर धरून जमीन कसत होते. नवा माणूस जुन्या गावात राहायला आला, की तिथल्या वस्तूंची नावे तिथल्या माणसांकडूनच शिकतो.

आमच्या भागातल्या माणसाला तर हे वेगळे समजावून सांगायला नको. नांदेड जिल्ह्यातले देगलूर, बिलोली हे तालुके तेलंगणाला लागून; लातूर जिल्ह्यातले निलंगा, देवणी, उदगीर हे कर्नाटकातल्या बीदरला लागून. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत हे सारे एकाच निजामाच्या राज्यात होते. देगलूरच्या बाजारात तेलुगू शेतकरी 'नागलि' म्हणतो, निलंग्याच्या बाजारात कानडी शेतकरी 'नेगिलु' म्हणतो, मराठी शेतकरी नांगर म्हणतो. आणि सौदा बिनबोभाट पुरा होतो. तिघांनाही ठाऊक असते की वस्तू एकच आहे. नावही कधीकाळी एकच होते, हे तेवढे ठाऊक नसते.

इंग्रजांचीही गंमत अशीच. त्यांचा 'प्लाऊ' आज जगभर गेला, पण जुन्या इंग्रजीत नांगराला 'सुल्ह' म्हणत. 'प्लाऊ' मागून आला आणि त्याने सुल्हला हुसकावले. मग सुल्ह गेला कुठे? शिकल्यासवरल्यांच्या पुस्तकांतून तो नाहीसा झाला. पण इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या खेडवळ शेतकऱ्यांच्या तोंडी 'झूल', 'सल' अशा रूपांनी पुढे कित्येक शतके जिवंत राहिला. शहरातले लोक त्या बोलीला हसत असत.

हे वाचताना मी सुद्धा जराशी हसले. पुढच्याच पानावर आपली पाळी आहे, याची कल्पना नव्हती.

नांगराच्या मागोमाग मी जू शोधले. बैलांच्या मानेवरचे जू म्हणजे संस्कृत 'युग'. लॅटिनमध्ये 'युगुम', ग्रीकमध्ये 'झुगोन', आणि इंग्रजीतला 'योक' तो हाच. म्हणजे जू पश्चिमेच्या भावंडांतले आणि नांगर पूर्वेच्या. दोघांची गाठ पडते ती मधल्या लांब लाकडामुळे. त्याचे एक टोक नांगराच्या खोडात बसते, दुसरे जुवाला बांधतात. त्या लाकडाला काय म्हणतात, ते पाहायला टर्नरसाहेबांचा १९६६ साली पुरा झालेला भारतीय आर्य भाषांचा तुलनात्मक कोश काढला. 'हल'च्या आसपास बोट फिरवीत होते. एका नोंदीवर ते थांबले.

हलीषा. नांगराचा दांडा. मराठीत, 'हळस'.

कोश मिटून मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले.

त्याचे कारण सांगायचे तर बहात्तरच्या दुष्काळापर्यंत मागे जावे लागेल. माझे माहेर निलंगा तालुक्यातले. आमच्या दावणीला तेव्हा देवणी बैलांची एकच जोडी होती. मी नांदेडला कॉलेजात, वसतिगृहात राहून संस्कृत घेऊन शिकत होते. अण्णा माझ्याहून चार वर्षांनी मोठे. नववीतून शाळा सोडून वडिलांच्या हाताखाली शेतात गेलेले. त्या वर्षी पाऊस गेला, कडबा संपला. वडिलांनी हाळीच्या बाजारात जोडीतला एक बैल विकला. आलेल्या पैशांतून घरात ज्वारी आली आणि उरलेले माझ्या खानावळीसाठी मनीऑर्डरने नांदेडला आले. हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही. पुढे एका बैलावर, शेजाऱ्याशी सावड करून, घरची शेती चालली.

१९७३ च्या फाल्गुनात अण्णांचे पत्र आले. पत्र ते नेहमी स्वतः लिहीत. अक्षर मोठे, ओळी तिरप्या. त्यात होते, की नांगरट निम्मी झाली आणि हळस मोडली. सुताराला बाभळीचे लाकूड दिले आहे. पैसे आठ दिवस उशिरा येतील, तोवर कोणाकडून तरी घे. खोलीतल्या मैत्रिणींनी पत्र हातातून ओढून मोठ्याने वाचले. "हळस मोडली? म्हणजे तुझ्या भावाचा आळस मोडला वाटतं!" असे म्हणून त्या पोट धरधरून हसल्या. मीही हसले. हसले नसते तर त्यांच्यातली राहिले नसते, असे त्या वयात वाटते.

तेवढ्यावर थांबले असते तरी बरे होते. मी अण्णांना कार्ड टाकले. हळस असा शब्द मराठीत नाही, 'नांगराचा दांडा' असे लिहीत जा, अशुद्ध शब्द टाळावेत, असा त्यातला मजकूर. एकोणीस वर्षांच्या मुलीने नांगर धरणाऱ्या माणसाला नांगराची नावे शिकवली होती!

त्यानंतर अण्णांची पत्रे आली ती दोन ओळींची. पैसे पाठवले. सर्व क्षेम. पुढे कित्येक वर्षे शेतातली कोणतीही गोष्ट त्यांनी मला लिहिली नाही. मला वाटले, कामात असतील.

आणि त्याच सत्रात आम्ही भट्टोजी दीक्षितांची सिद्धांतकौमुदी घोकत होतो. संधीच्या नियमांना जे अपवाद आहेत, त्यांत काही शब्दांची एक यादी येते. मनीषा, हलीषा, लाङ्गलीषा. नियमाप्रमाणे हल आणि ईषा मिळून हलेषा व्हायला हवे, पण होते हलीषा. ईषा म्हणजे दांडा. हा शब्दही मोठा प्रवासी. साडेतीन हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानात राहणाऱ्या हित्ती लोकांच्या मातीच्या विटांवर तो 'हिश्शा' या रूपात कोरलेला सापडतो. परीक्षेत तो अपवाद मी बिनचूक लिहिला. मनीषा हे नाव आपण मुलींना कौतुकाने ठेवतो. तिच्या पाठची बहीण हलीषा माझ्या भावाच्या पत्रातून, बाभळीचे लाकूड अंगावर घेऊन माझ्या दारात आली होती. आणि मी तिला अशुद्ध म्हणून परत पाठवले.

भाऊबीजेला दरवर्षी मी माहेरी जातेच. या वेळी नातवाला बरोबर घेतले. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर गाठले आणि तिथून निलंग्याची वाट धरली. दोन्ही बाजूंना सोयाबीन निघालेली रिकामी रानं, मध्येच तुरीची हिरवी पट्टी. आमचा जुना माळवदाचा वाडा १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपात खचला; आता तिथे सिमेंटचे घर आहे. पण शेतातला आखाडा पत्र्याचा होता, तो बचावला, आणि त्याच्या आडोशाला ठेवलेला वडिलांचा नांगरही.

बैल आता नाहीत. दारात ट्रॅक्टर येतो, मागे लोखंडी पलटी नांगर असतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली पहिला लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. आज लाकडी नांगर पाहायला मिळत नाही. लाकूड गेले, लोखंड आले, बैल गेले, इंजिन आले. नाव मात्र नांगरच राहिले. राहिली नाहीत ती आतल्या भागांची नावे. ट्रॅक्टरला हळस नसते, रुमणे नसते, जू नसते. वस्तू गेली की तिचे नाव वर्ष-दोन वर्षे तोंडात घोळते आणि मग तेही जाते.

पुतण्याने सांगितले, की लातूरच्या रस्त्यावर एक नवे हॉटेल उघडले आहे, गावरान जेवणाचे. दर्शनी भागात मांडायला त्यांना जुना नांगर हवा आहे. अण्णांनी होकार दिला होता, विसारही घेतला होता.

"ठिवून काय करू?" अण्णा मला म्हणाले. "वाळवी खायली. तिथं चार मानसं बगतील तरी."

यावर मी काय बोलणार? नांदेडच्या फ्लॅटमध्ये मला काही नांगर ठेवता येत नव्हता.

नातू वही घेऊन आखाड्यात गेला. त्याला शाळेसाठी प्रकल्प करायचा होता. मी लांबून पाहत होते. अण्णा एकेका भागाला हात लावून नाव सांगत होते. हा फाळ. हे रुमणं, हिथं हाताचा जोर द्यायचा. हे जू, ह्या शिवळा, हिच्यामंदी बैलाची मान. ही हळस. हे सांगताना ते क्षणभर थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "तुमची आजी ह्याला दांडा म्हंती. तू दांडाच लिव्ह."

पन्नास वर्षे ते कार्ड त्यांच्या मनात राहिले होते.

संध्याकाळी पाट मांडला. ओवाळायच्या आधी निरांजन खाली ठेवले आणि मी त्यांना सारे सांगितले. पंडितांची नावे सांगितली नाहीत. हल आणि ईषा सांगितली. तुमचा शब्द पुस्तकातल्या संस्कृताच्या पोटचा आहे, शेतकऱ्यांच्या तोंडून न तुटता आला आहे, आणि मी तुम्हाला लिहिलेला 'दांडा' त्याची जागा घेऊ शकत नाही, असे म्हटले. त्या कार्डाची आठवण आहे का, असे विचारले.

अण्णा पाटावर बसून टोपी नीट करीत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे मी बरोबरच लिव्हलो होतो की."

"होय अण्णा. चुकले मी."

"आन् मला वाटायचं, बाई शिकलेली हाय, तिला ठावं असंल." एवढे बोलून ते हसले. "ओवाळ आता. तेल जळायलंय."

मी ओवाळले. ओवाळणीचे पाकीट ताटात ठेवीत त्यांनी पुतण्याला हाक मारली आणि म्हणाले, "त्या हाटेलवाल्याला सकाळी फोन लाव. विसार वापस घेऊन जा म्हनाव." पुतण्या काही बोलायला गेला, पण त्यांच्याकडे पाहून गप्प राहिला. वाळवीचे औषध आणायचे, हेही लगेच ठरले.

नातू एव्हाना वही उघडून अण्णांच्या पाटाशी येऊन बसला होता. मघाचा 'दांडा' खोडून त्याने नवा शब्द लिहिला आणि अण्णांपुढे धरला. मुंबईच्या मुलांची जीभ. त्याने लिहिले होते 'हलस'.

मी बोलायला तोंड उघडले आणि मिटले.

अण्णांनी चष्मा लावला, वही दिव्याजवळ धरली आणि त्या अक्षरावर बोट ठेवले.

"हलस न्हाई रं बाळा," ते म्हणाले. "हळस. ळ काढ."